मानवाचे स्थान : ख्रिस्ती श्रद्धा आणि उत्क्रांतिवाद

मनुष्य हा सृष्टीचा मुकुटमणी आहे की इतर प्राण्यांसारखाच एक प्राणी? या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड ढवळून निघाले होते.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी रचली, मातीपासून मानव घडविला आणि त्याला स्वतःच्या प्रतिरूपात निर्माण करून इतर जीवांवर अधिकार दिला, असे वर्णन आहे. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली वंशावळींचा हिशेब मांडून सृष्टीची निर्मिती इ. स. पूर्व ४००४ मध्ये झाली असे ठरविले. पुढे भूगर्भशास्त्रज्ञांना खडकांच्या थरांत याहून कितीतरी जुना इतिहास आढळला.

१८५९ मध्ये चार्ल्स डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एके काळी पाद्री होण्यासाठी केंब्रिजला शिकलेल्या या शास्त्रज्ञाने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला. मानवाविषयी त्यांनी सविस्तर लिहिले ते मात्र १८७१ मध्ये. ‘माणूस आजच्या माकडापासून झाला’ असे हा सिद्धांत म्हणत नाही; दोघांचे पूर्वज एक होते, असे म्हणतो.

३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि शास्त्रज्ञ हक्सले यांची खडाजंगी झाली. हा प्रसंग तिखटमीठ लावून सांगितला जातो व त्यावरून धर्म आणि विज्ञान हे कायमचे वैरी आहेत असा समज होतो. परंतु दुसऱ्याच दिवशी, त्याच ऑक्सफर्डमध्ये, फ्रेडरिक टेंपल या धर्मगुरू-शिक्षकाने प्रवचनात सांगितले की, ईश्वराची करणी निसर्गनियमांतच शोधावी. १८८४ च्या व्याख्यानमालेत त्यांनी उत्क्रांती उघडपणे मान्य केली. तरीही पुढे ते कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू झाले! खुद्द डार्विन यांचे दफन १८८२ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्येच झाले.

सर्वत्र मात्र असा समंजसपणा नव्हता. १९२५ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकविल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड ठोठावण्यात आला. तो निकाल १९२७ मध्ये तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण कायदा रद्द व्हायला १९६७ साल उजाडले. रोमन कॅथलिक चर्चने सावध पाऊल टाकले. मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास हरकत नाही, मात्र आत्मा ईश्वरच निर्माण करतो, असे पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये सांगितले. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ कल्पना उरलेली नाही, असे मान्य केले.

पालकहो, हा इतिहास परक्या धर्माचा असला तरी प्रश्न आपल्या घरातलाही आहे. हजरत आदम (अलैहिस्सलाम) मातीपासून घडविले गेले आणि मानव पृथ्वीवर खलिफा आहे, ही आपलीही श्रद्धा आहे. उत्क्रांतीविषयी आपल्या विद्वानांतही मतभेद आहेत. जीवशास्त्राचा धडा वाचून मुलाने किंवा मुलीने घरी प्रश्न विचारला, तर त्याला दटावून गप्प करू नये. दटावलेले मूल एक तर पुस्तक मिटते, नाही तर श्रद्धा लपवू लागते. दोन्हींत नुकसान आपलेच.

विद्यार्थी मित्रांनो, शरीर कसे घडत गेले हे विज्ञान पुराव्यांनिशी सांगते; ते नीट शिका. मिळालेल्या बुद्धीचा उपयोग कशासाठी करावा, हे मात्र कोणताही जीवाश्म सांगणार नाही. मानवाचा मोठेपणा तो कोठून आला यापेक्षा तो आपली जबाबदारी कशी पार पाडतो, यावर ठरतो.