नाव सिद्कीया

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्या मुलखातली. पण ती जिला तंतोतंत लागू पडते, अशी एका राजाची कथा हिब्रू धर्मग्रंथात आहे. मराठी बायबलात त्याचं नाव सिद्कीया. आपल्या पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रूवरून बायबल मराठीत आणलं. तेव्हा हा राजा आपल्याला अगदीच परका नाही.

त्याचं जन्मनाव मत्तन्या, म्हणजे परमेश्वराची देणगी. आपल्याकडचा देवदत्त किंवा खुदाबक्षच म्हणा ना! इसवी सनपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम जिंकलं, तरुण राजाला कैद करून नेलं आणि त्याच्या चुलत्याला, या मत्तन्याला, गादीवर बसवलं. गादीबरोबर नवं नावही दिलं. सिद्कीया म्हणजे ‘परमेश्वर माझा न्याय’. या स्वारीची नोंद असलेली बाबेलची मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्या पसंतीचा राजा नेमला, एवढंच तीत लिहिलं आहे. त्याचं नाव नाही.

कविता लिहिणाऱ्याला शब्दाचं मूळ खणायची खोड असते. हिब्रू ‘सेदेक’ आणि अरबी ‘सिद्क’ सख्खी भावंडं. आमच्या घरांतले सादिक, सिद्दीक आणि गरिबाला दिला जाणारा सदका, सगळे त्याच कुळातले.

राजाने मात्र या कुळाची लाज राखली नाही. शहराला पुन्हा वेढा पडला, तेव्हा त्याने लोकांशी करार करून गुलामांना मोकळं केलं. पुढे धन्यांनी करार मोडून त्यांना पुन्हा जुंपलं. राजाने त्यांना आवरल्याचं कुठे लिहिलेलं नाही. खरं बोलणाऱ्या यिर्मयाला सरदार मारायला निघाले, तेव्हा ‘तुमच्यापुढे माझं काही चालत नाही’, अशा अर्थाचं बोलून तो मोकळा झाला. अखेर शहर पडलं. डोळ्यांदेखत मुलं मारली गेली, मग त्याचेच डोळे फोडले गेले आणि बेड्या घालून त्याला बाबेलला नेलं.

नाव आणि करणी यांची सांगड कशी असते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात आपले चौघे फासावर गेले : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. या शेवटच्या नावातलं ‘कुर्बान हुसेन’ तेवढं गावाच्या तोंडी राहिलं. ‘कुर्बान’चंही हिब्रू भावंड आहे, ‘कोरबान’ : देवाजवळ नेलेलं अर्पण.

सत्तेच्या हिशेबी राजाही हरला आणि हे चौघेही हरले. पण न्यायाचं नाव मिळालेला राजा न्यायाची वेळ आली तेव्हा गप्प बसला. आमच्या कुर्बानने आपल्या नावाचा अर्थ खरा करून दाखवला. मुलाचं नाव ठेवताना आपण त्याचा अर्थ विचारतो. तो अर्थ पेलायचं बळही मुलाच्या अंगी यावं, एवढी दुआ त्याच वेळी मागायला हवी.