सॅव्हंट मेंदूच्या उपपत्तीची कुळकथा

गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास एका मुलाला तोंडपाठ होता. पहिल्यांदा वाचताना तिसऱ्या पानावर त्याची एक ओळ सुटली. चूक ध्यानात येताच त्याने मागे जाऊन ती वाचली. पुढे प्रत्येक वेळी म्हणताना तो ती ओळ गाळायचा, थांबायचा, मागे येऊन दुरुस्त करायचा. चूकही पाठ, दुरुस्तीही पाठ! डॉ. जॉन लँगडन डाऊन यांनी १८८७ साली लंडनच्या मेडिकल सोसायटीतल्या व्याख्यानांत ही हकिगत सांगितली. अर्थाशिवाय शब्द चिकटून बसतात, एवढंच त्यांचं निदान. बौद्धिक अक्षमता असूनही एखाद्या गोष्टीत विलक्षण असलेल्या अशा व्यक्तींना त्यांनी दिलेलं नाव आज अपमानास्पद वाटतं. ‘सॅव्हंट सिंड्रोम’ ही संज्ञा डॅरोल्ड ट्रेफर्ट यांच्यामुळे रुळली.

मेंदूत नेमकं काय घडतं, याचं उत्तर शोधायला पुढचं शतक उजाडावं लागलं. नॉर्मन गेश्विंड आणि अल्बर्ट गॅलाबर्डा यांनी १९८०च्या दशकात मांडलं, की डावा गोलार्ध गर्भात उशिरा घडतो, म्हणून त्याला बाधा पोचण्याचा धोका जास्त. ती पोचली की उजवा भरपाई करतो. ‘रेन मॅन’ चित्रपटाची (१९८८) प्रेरणा ठरलेल्या सॅव्हंट किम पीक यांच्या मेंदूत तर दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पट्टाच नव्हता.

खरी कलाटणी मिळाली ती म्हाताऱ्या रुग्णांमुळे. कॅलिफोर्नियातल्या ब्रूस मिलर यांना १९९०च्या दशकात असे काही रुग्ण आढळले, की स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात त्यांची भाषा ओसरत गेली आणि चित्रकला मात्र फुलली. बिघाड मुख्यतः डाव्या कानशिलामागच्या भागात होता. झिजणारा मेंदू नवी देणगी कुठून आणणार? ती आधीपासूनच दडपलेली असणार, असा तर्क पुढे आला. सिडनीच्या ॲलन स्नायडर यांनी मग चुंबकीय लहरींनी निरोगी माणसांचा तोच परिसर थोडा वेळ मंदावून पाहिला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ११ जणांपैकी चौघांच्या चित्रांची शैली बदलली. प्रयोग छोटा, पण विचार पक्का झाला: मेंदू एरवी तपशील गाळून अर्थ तेवढा हाती देतो; ही गाळणी सैल पडली की कच्चा तपशील वर येतो.

तरी एवढ्याने कोडं सुटत नाही. डावा मेंदू दुखावलेल्या बहुतेकांच्या हाती असं काही लागत नाही. डाऊन बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या ज्या अर्ल्सवुड संस्थेचे प्रमुख होते, तिथेच राहणाऱ्या सॅव्हंट जेम्स पुलनने ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाची प्रतिकृती घडवली, ती सात वर्षं खपून. एकाच गोष्टीत असं बुडून जाणं कुठून येतं, हे सांगितल्याशिवाय कुठलीही उपपत्ती पुरी होणार नाही.