हा भोंगा कोन वाजवून रायला?

नागपंचमीचा दिवस. वर्ध्याकडच्या आष्टीत तुम्ही ओसरीवर बसला आहात. पाऊस नुकताच थांबलाय, पन्हाळीतून थेंब गळताहेत. सकाळी शहीद स्मारकावर जाऊन आलात. आता लाईट गेलीय, मोबाइलमध्ये अठरा टक्के बॅटरी उरलीय आणि त्यावर 'अलबेला' सिनेमाचं गाणं लागलंय. लताचं कडवं संपतं, चितळकरांचं सुरू व्हायचंय, आणि मधल्या फटीतून एक पितळी आवाज उसळून वर येतो, वर जाऊन जरा वाकडा होतो, आणि गाणं पुन्हा गाणाऱ्यांच्या हवाली करून नाहीसा होतो. मोजून काही सेकंद. तुम्ही गाणं मागे घेता. पुन्हा ऐकता. तिसऱ्यांदा ऐकायच्या आत ओसरीच्या पायऱ्या उतरून १९३६ सालात पोचलेले असता.

बंडी जुंपलेली आहे. आर्वीपर्यंत हाडं खिळखिळी होतात. तिथून छोटी गाडी, पुलगावपर्यंत तिच्याबरोबर चालत गेलं तरी चालेल अशा वेगाची. पुलगावला जीआयपीची मोठी गाडी, आणि दुसऱ्या दिवशी बोरीबंदर. तिथून टांगा अपोलो बंदरला.

ताजमहाल हॉटेलच्या पुढच्या दारातून तुमच्या धोतराला कोणी आत सोडणार नाही. म्हणून मागच्या जिन्याने या, वादक येतात तिथून. आत झुंबरं, लाकडी फरशी, तीवर फिरणारे साहेब, मडमा, पारशी शेठ, दोन-चार संस्थानिक. पण बघायचं ते मंचावर. तिथे बसलेले लोक अमेरिकेतले कृष्णवर्णीय आहेत. आदल्या वर्षी लिऑन ॲबी नावाचा व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन इथे आला. आता क्रिकेट स्मिथच्या हातात ट्रम्पेट आहे. (क्रिकेट हे त्याचं टोपणनाव, खेळाशी संबंध नाही. मुंबईत कोणी विचारल्याशिवाय राहत नसणार.) पियानोवर टेडी वेदरफोर्ड बसला आहे. हा शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून वाजवलेला माणूस. १९२६ला आशियाकडे निघाला, शांघायमध्ये रमला आणि तिथून इकडे आला. मायदेशी ज्यांना गोऱ्यांच्या पंगतीला बसता येत नव्हतं, ते इथे पंचतारांकित मंचावर आहेत आणि गोरे त्यांच्या तालावर नाचताहेत. तुम्हाला मात्र अजूनही पुढचं दार बंद आहे. हा हिशेब जिन्यात उभं राहूनच नीट कळतो.

याच मंडळींनी १९३६मध्ये 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' नावाची तबकडी काढली. चाल मेना सायलस या मुंबईकराची. तबकडी लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. ही तीन मिनिटं ध्यानात ठेवा. एवढ्यात मुखडा, कडवं, नाच सगळं बसवायचं म्हटल्यावर वादकाच्या वाट्याला काही सेकंद येतात, आणि त्यात त्याला जन्मभराचं सांगायचं असतं. आज ओसरीवर तुम्हाला जे चुटपुट लावून गेलं, त्या चुटपुटीचं माप तेव्हाच ठरलेलं होतं.

वेदरफोर्ड परत गेला नाही. १९४५मध्ये कलकत्त्याला कॉलऱ्याने गेला.

परतीच्या वाटेवर गाडी तुम्हाला भलत्याच वर्षी उतरवते. १६ ऑगस्ट १९४२. पुन्हा नागपंचमीच, आणि गाव तुमचंच. आदल्या रविवारी मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झालेली आहे. इथे कानावर खंजिरी येते. तुकडोजी महाराजांची भजनं गावोगाव पोचलीत. एकाने ओळ टाकायची, सगळ्यांनी उचलायची, खंजिरीने ती पुढे ढकलायची. जिन्यात उभं राहून ऐकलेल्या बँडची हीच तर रीत होती, एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ओ. ती रीत त्यांच्याकडे शेतातून आणि चर्चमधून आली, आपल्याकडे वावरातून आणि देवळातून. नातं शोधून काढायला विद्वान लागत नाही, कान लागतो.

मग जमाव पोलीस ठाण्याकडे सरकतो. झेंडा लावायचा आहे. गोळीबार होतो, गावची माणसं पडतात. जमाव उलटतो, पोलीसही मरतात. पुढचं तुम्हाला घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे, मी पुन्हा कशाला सांगू. त्या सालात ताजच्या मंचावर मिकी कोरियाचा बँड होता. १९३९ला तो तिथे बसला आणि पुढची वीसेक वर्षं उठला नाही. गावात पोलीस घराघरांत शिरत होते, तेव्हा तिकडे गणवेशातले सोल्जर नाचत होते. त्यासाठी वादकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही, पण जॅझवर प्रेम करताना हे विसरून चालत नाही, निदान आष्टीच्या माणसाला तरी.

आता १९५१. इथे जरा निवांत बसा.

इंग्रज गेलेत, संस्थानिकांचा खिसा आटलाय, आणि मुंबई राज्यात दारूबंदी आली आहे. ग्लास नाही म्हटल्यावर हॉटेलातली गर्दी कमी झाली, आणि गर्दी कमी झाल्यावर वादकाच्या घरची चूल. म्हणून बरेच वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत येतात. त्यातले बहुतेक गोव्याचे. चर्चच्या शाळेत लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले, कागद समोर ठेवला की अक्षर वाचावं तसं वाजवणारे. आपल्या संगीतकारांच्या डोक्यात चाल असते पण ती पंचवीस जणांना एका वेळी सांगायची कशी, हा पेच. गोव्याच्या माणसाने तो सोडवला.

हार्मोनियमपाशी बसलेले सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म पुणतांब्याचा, गाण्याची तालीम आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झालेली. ते ओळ गुणगुणतात. शेजारी गोलसर चेहऱ्याचा माणूस पेन्सिलने पाच रेघांवर ठिपके मांडत जातो. त्याला सगळे चिक चॉकलेट म्हणतात. कागदोपत्री नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे, जन्म १९१६. हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून त्याची ख्याती. रात्री हॉटेलात स्वतःचा बँड, दिवसा रामचंद्रांचा सहायक. आणि 'अलबेला'चा नायक, निर्माता, दिग्दर्शक? भगवान पालव, भगवानदादा. जन्म अमरावतीचा, म्हणजे वर्धा नदी ओलांडली की तुमचा शेजारी.

आता ऐका. गाणारे आणि वाजवणारे सगळे एकदम, एकाच दमात. कोणी चुकलं की पहिल्यापासून. चिक ट्रम्पेटच्या तोंडाशी म्यूट धरतो. आवाज नाकात गेल्यासारखा होतो, खट्याळ. तो स्वराच्या थेट मध्यावर पाय ठेवत नाही, किंचित खालून घसरत येतो. आपण त्याला मींड म्हणू, तो आणखी काही म्हणत असेल. ठेक्याच्याही तो एक केसभर मागे राहतो, आणि त्या केसभराच्या उशिरानेच भगवानदादांचे खांदे हलतात. पाय जवळजवळ न उचलता नाचणारा तो नाच त्या उशिरातच आहे. कागदावर हे लिहिता येत नाही. कागद चिकने लिहिला, पण एवढं त्याने फुंकरीत ठेवलं.

पुढचा टप्पा जत्रेतला तंबू. कुठली जत्रा ते विचारू नका, वऱ्हाडात-वर्ध्यात तेव्हा जत्रा तिथे तंबू होता. 'अलबेला'च्या गाण्यांना पडद्यावर पैसे उधळले जाताहेत. तुमच्या शेजारी घोंगडीवर बसलेला म्हातारा विचारतो,

"काऊन जी, हा भोंगा कोन वाजवून रायला?"

त्याच्या पलीकडचा म्हणतो, "कोन जाने बाप्पा. मशीन असन."

दोघेही पुढे बघतात. पडद्यावर चिक स्वतः उभा असतो. झालरीच्या फुगीर बाह्यांचा शर्ट, बरोबर त्याचे साथीदार. कोणी ओळखत नाही, कारण ओळखायला नाव कुठे छापलेलंच नसतं. तबकडीच्या गोल कागदावर सिनेमा, गायक, संगीतकार यांना जागा आहे; वादकाला नाही. रेडिओवरही तीच कथा, आणि तिथे तर गाणंच मिळेना. १९५२मध्ये नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे आलं, आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं, आणि एका मराठी मंत्र्याच्या कृपेने एका मराठी संगीतकाराची गाणी ऐकायला आपल्याला रेडिओ सिलोन लावावं लागलं. १९५७ला विविध भारती येईपर्यंत हा वनवास चालला.

नावं छापलेली एक तबकडी मात्र दाखवतो. १९६८. आता लाख गेली, मोठी एलपी आली आहे. 'रागा जॅझ स्टाइल', शंकर-जयकिशन. अकरा राग, तोडीपासून भैरवीपर्यंत. सतार रईस खान, सॅक्सोफोन मनोहारी सिंग, ट्रम्पेट जॉन परेरा, पियानो लुसिला पाचेको, ड्रम लेस्ली गुदिन्हो, गिटार दिलीप नाईक. वाचताना बरं वाटतं. ऐकताना? सुरेख, पण घाईचं. सिनेमाची सवय हाडात मुरलेली. राग जरा डोळे उघडतो तोच पट्टी संपते. एलपीवर तीन मिनिटांची सक्ती उरली नव्हती, हे कोणी त्यांना सांगायला हवं होतं. कलावती आणि मियाँ की मल्हार ऐका, माझ्याशी भांडायचं तर नंतर भांडा.

चिक त्यात नाही. १९६६च्या 'आखरी खत'मध्ये क्लबातल्या गाण्यात ट्रम्पेट घेऊन दिसतो, आणि १९६७मध्ये पन्नाशीच्या उंबऱ्यावर जातो.

लाईट आली. मोबाइल चार्जिंगला लावा. आतून कोणी चहाला हाक मारतंय, जा. पण घरात माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा पुसून बघा, आणि 'अलबेला' कधी टीव्हीवर लागलाच तर नाचणाऱ्यांकडून नजर काढून झालरीच्या बाह्यांकडे वळवा. ट्रम्पेट हातात आहे तो चिक.