अर्भकांतील आनुवंशिक अपस्मार

जन्मापासून साधारण पहिल्या वर्षभरात सुरू होणाऱ्या आणि जनुकांतील बिघाडामुळे उद्भवणाऱ्या अपस्मारांचा गट. बोलीभाषेत अपस्माराला फेपरे, मिरगी किंवा नुसते ‘फिट येणे’ म्हणतात. तान्ह्या बाळाला झटके आले, की जन्मवेळी गुदमरणे, मेंदूतील रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्तातील साखर वा कॅल्शियम कमी होणे ही कारणे आधी पाहिली जातात. त्यांतले काही सापडले नाही, तर जनुकीय कारणाचा शोध घेतात.

‘आनुवंशिक’ या शब्दाने येथे गैरसमज होतो. यांतील अनेक गंभीर विकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले नसतात. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना, अथवा गर्भधारणेनंतर लगेच, जनुकात नवा बदल घडतो. यालाच नवउत्परिवर्तन म्हणतात. दोन्ही घराण्यांत कोणालाही फिट आलेली नसते, तरी बाळाचा आजार जनुकीय असतो.

लक्षणे : अर्भकाची फिट मोठ्या माणसासारखी दिसेलच असे नाही. नजर एकीकडे खिळणे, ओठांची चोखल्यासारखी हालचाल, एकच हात लयीत उडणे, श्वास अडकून अंग निळे पडणे एवढेच कधी दिसते. ‘शिशुआचके’ या प्रकारात बाळ झोपेतून उठता उठता मान खाली टाकते, दोन्ही हात फेकते, पाय पोटाशी घेते आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच करते. पोटात कळ आली किंवा बाळ दचकले, असे समजून घरचे थांबतात. या आचक्यांचे पहिले वर्णन विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लिश डॉक्टरांनी १८४१ मध्ये ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या पत्रात केले. त्यातला रुग्ण त्यांचा स्वतःचा मुलगा होता.

कारणे : (१) आयनमार्गिकांचे दोष. चेतापेशीच्या पटलात सोडियम, पोटॅशियम यांना ये-जा करू देणारी प्रथिनांची दारे असतात. केसीएनक्यू२ आणि केसीएनक्यू३ ही जनुके उत्तेजित पेशीला शांत करणारी पोटॅशियममार्गिका घडवतात. १९९८ मध्ये त्यांचा संबंध नवजात बाळांच्या कौटुंबिक अपस्माराशी जोडला गेला. यात जन्मानंतर पहिल्या आठवड्यात झटके सुरू होतात, बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबतात आणि वाढ सहसा नीट होते. चौकशी केली, तर आई किंवा वडिलांनाही तान्हेपणी असेच झाल्याचे आजी सांगते. मात्र केसीएनक्यू२ मधलीच काही नवउत्परिवर्तने मेंदूच्या विकासाला जबर धक्का देतात. म्हणजे नुसते जनुकाचे नाव पुरत नाही. त्यात नेमका कोणता बदल झाला, हेही पाहावे लागते. पीआरआरटी२ या जनुकामुळे साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होणारा अपस्मारही असाच बहुधा मर्यादित काळाचा असतो.

ड्राव्हे सिंड्रोम हे या गटातील सर्वांत अभ्यासलेले उदाहरण. फ्रान्समधील शार्लोट ड्राव्हे यांनी १९७८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि २००१ मध्ये एससीएन१ए या जनुकातील दोष सापडला. तोवर सुदृढ असलेल्या बाळाला पहिल्या वर्षात ताप आल्यावर किंवा कढत पाण्याने अंघोळ घातल्यावर दीर्घ फिट येते. पुष्कळदा शरीराची एकच बाजू उडते. हे जनुक सोडियममार्गिका बनवते. तिचे काम कमी झाल्यावर पेशी थंडावायला हव्यात. पण ही मार्गिका मुख्यतः इतर पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशींत महत्त्वाची असते. ब्रेकच निकामी होतो आणि मेंदू भडकतो. म्हणून सोडियममार्गिका रोखणारी कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन यांसारखी अपस्मारावरची नेहमीची औषधे येथे त्रास वाढवू शकतात. व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, स्टिरिपेन्टॉल यांचा उपयोग होतो. लस दिल्यावर ताप येऊन पहिली फिट आल्यामुळे दोष लशीवर जातो. २००६ मध्ये, ‘लशीमुळे मेंदूला इजा’ असे ठरवलेल्या १४ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा ११ जणांत एससीएन१ए मधील उत्परिवर्तन आढळले.

(२) चयापचयाचे दोष. हे विरळ असले तरी उपचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. एएलडीएच७ए१ मधील दोषामुळे शरीरात साचणारे पदार्थ बी६ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप निकामी करतात. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या या फिट्स पायरिडॉक्सिन दिल्यावर थांबू शकतात. ते मात्र जन्मभर घ्यावे लागते. हा विकार १९५४ पासून माहीत होता, जनुक २००६ मध्ये सापडले. एसएलसी२ए१ बिघडल्यास रक्तातील ग्लुकोज मेंदूत पुरेसे पोहोचत नाही. रक्तातील साखर ठीक आणि मस्तिष्क-मेरुद्रवातील कमी, ही त्याची खूण. भरपूर स्निग्ध व अत्यल्प पिष्टमय असा कीटोजेनिक आहार दिल्यास मेंदूला ग्लुकोजऐवजी कीटोनचे इंधन मिळते.

(३) इतर. टीएससी१ किंवा टीएससी२ मधील दोषाने मेंदूत गाठी होतात आणि त्वचेवर फिकट पांढरे चट्टे दिसतात. यातील शिशुआचक्यांवर व्हिगाबॅट्रिन प्रभावी ठरते. सीडीकेएल५ व पीसीडीएच१९ ही जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पीसीडीएच१९ चा विकार मुख्यत्वे मुलींना होतो; सदोष जनुक असलेल्या वडिलांना सहसा फिट येत नाहीत.

वारशाच्या रीती : प्रभावी दोष आई किंवा वडिलांत असल्यास तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते, उतरला तरी प्रत्येकाला फिट येतेच असे नाही. अप्रभावी विकारात दोघेही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गर्भधारणेत २५ टक्के धोका राहतो. मामे-आते भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात, म्हणून त्यांचे लग्न झाल्यास दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असल्याने आई-वडिलांतील नातेसंबंधाची चौकशी येथे आवश्यक ठरते. नवउत्परिवर्तनात पुढच्या बाळाला धोका कमी असतो, पण शून्य नसतो. कारण आई-वडिलांच्या काही बीजपेशींत तोच बदल असू शकतो.

निदान व समुपदेशन : फिटचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ, ईईजी, एमआरआय व चयापचयाच्या चाचण्यांनंतर जनुकसंचाची किंवा एक्झोम तपासणी करतात. सापडलेला बदल आई-वडिलांत आहे का, हे पाहिल्यावरच त्याचा अर्थ लावता येतो. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असेल, तर त्यावरून निदान पक्के धरत नाहीत. ‘आईच्या माहेरचा दोष’ हा घराघरांत ऐकू येणारा निवाडा या तपासणीपुढे बहुधा टिकत नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार जनुकीय विकारासाठी गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करता येते. लिंग सांगणे हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या बाळातील नेमका दोष ठाऊक असेल, तरच पुढच्या गर्भात तो शोधता येतो. त्यामुळे बाळ अत्यवस्थ असेल, तर निदान होण्यापूर्वीच त्याच्या रक्तातील डीएनए जतन करून ठेवतात.