असलेला पण न सांपडणारा कागद

पुण्यांत जुन्या कौन्सिल हॉलापासून जवळच पेशवे दप्तराची दगडी इमारत आहे. आंत मांडणीवर रुमालांत बांधलेले कागद रचून ठेविले आहेत. रुमालांची संख्या पस्तीस हजारांच्या आसपास सांगतात, आणि कागद तर कोट्यवधि. मराठी राज्याचा जमाखर्च, हुकूम, सनदा, बातमीपत्रें सर्व कांहीं तेथें आहे असें आपण अभिमानानें म्हणतों, व तें खरेंहि आहे. परंतु कागद असणें व कागद सांपडणें या दोन गोष्टी एक नव्हेत. या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा असें आमच्या मनांत आहे.

पेशवाईच्या भरभराटींत हुजूर दप्तर हें केवळ कागदांचें कोठार नव्हतें. फडावर दिवसभर जे हुकूम सुटत, जी रक्कम येई-जाई, ती रोजकीर्दींत तारीखवार चढे; पुढें विषयवार खतावणी होई, तर्जुमे निघत. नाना फडणिसांच्या हाताखालीं ही शिस्त कडक होती. अमुक गांवचें इनाम कोणास व केव्हां दिलें असा प्रश्न आला, तर मुरब्बी कारकून नेमक्या रुमालाला हात घाली. त्याची खरी सूची त्याच्या डोक्यांत असे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मामलती मक्त्यानें देण्याची चाल बोकाळली. मक्त्याची रक्कम हातीं पडली कीं गांवोगांवच्या हिशेबाची चौकशी करण्याचें सरकारास कारण उरलें नाहीं. चौकशी नाहीं म्हणून कारकून नाहींत, आणि कारकून नाहींत म्हणून दप्तरास वाली नाहीं. ज्यास वाटेल त्यानें त्यांत हात घालावा, अशी स्थिति झाली. खुद्द नानांचे कागद तर मेणवलीच्या वाड्यांत राहिले. दप्तर वाळवीच्या आधीं बेपर्वाईनें मरतें, हें येथें स्पष्ट दिसतें.

१८१८ सालीं पेशवाई गेली, तेव्हां एल्फिन्स्टनसाहेबांनीं मॅक्लिऑड नांवाच्या आपल्या साहाय्यकाकडे हे विस्कळित कागद गोळा करून लावण्याचें काम दिलें. हेतु इतिहासाचा नव्हता. वसूल कोठें किती, व माफी कोणास किती, हें नव्या सरकारास हवें होतें. पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हां या गोष्टीला धार चढली. पिढ्यान्‌पिढ्या इनाम खाणाऱ्या घराण्यांस आपला हक्क कागदानें शाबीत करावयाचा होता. घरची सनद वाळवीनें खाल्लेली, आगींत जळलेली, अथवा भाऊबंदांच्या वांटणींत गेलेली. तिचा दाखला असलाच तर सरकारी दप्तरांत, आणि त्या दप्तराची किल्ली ज्या सरकारास जमीन खालसा करण्यांत लाभ त्याच्याच कमरेला! दाखला सांपडला नाहीं, याचा अर्थ तो कधीं नव्हता, असा लावणें किती सोपें! कमिशनाचे सर्वच निवाडे अन्यायाचे होते असें आम्ही म्हणत नाहीं. खोट्या सनदाहि पुष्कळ होत्या. पण १८५७ पूर्वीं दक्षिण महाराष्ट्रांत जो असंतोष धुमसत होता, त्यांत या चौकशीचा वांटा मोठा होता.

या कामाचा ठसा दप्तरावर कायमचा राहिला. कचेरीचें नांवच एलिएनेशन ऑफिस, म्हणजे इनामी जमिनींची कचेरी, असें पडलें. लढाईची हकीकत, दुष्काळ, बाजारभाव, एखाद्या विधवेची फिर्याद हें शोधणाऱ्यास त्या मांडणीचा उपयोग थोडा. त्यांत इनामांचे दावे पुन्हां उठतील या भीतीनें सरकार बाहेरच्या अभ्यासकांस दार उघडीना. रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजकीर्दींतून केलेले वेंचे छापले गेले, हा अपवाद. राजवाडे वाईपासून गांवोगांव खासगी माळे धुंडाळीत फिरले, यास त्यांचा स्वभाव कारण होताच. पण राज्याचें मुख्य दप्तर बंद होतें हेंहि विसरतां येत नाहीं.

१९२९ सालीं गोविंद सखाराम सरदेसायांकडे तें खुलें झालें. चार-पांच वर्षांत त्यांनीं पंचेचाळीस भाग काढले. या कामांतील एकच अडचण सांगतों. पत्रावर बहुधा चंद्र व महिना असे, तोहि मुसलमानी. साल असेलच असें नाहीं. असलें तर तें अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून ११६१. त्यांत ५९९ अथवा ६०० मिळवावे तेव्हां पानिपताचें वर्ष हातीं येतें; दोहोंपैकीं कोणता आंकडा, हें मृग लागण्यापूर्वींचा कागद कीं नंतरचा यावर ठरतें! आणि साल नसेल तर? मग पत्रांत कोण जिवंत आहे, फौज कोठें उतरली आहे, यावरून अटकळ बांधावयाची. तींत चूक झाली कीं कागद दहा वर्षें भलत्याच प्रकरणांत जाऊन बसतो.

पंचेचाळीस भागांत छापलेले कागद साडेआठ हजारांच्या वर आहेत. कोट्यवधींच्या मानानें ही ओंजळभरच म्हणावयाची. आतां रुमालांची छायाचित्रें घेतां येतात, तीं दूरदेशीं धाडतांहि येतात. पण छायाचित्रांतली मोडी मोडीच राहते, शब्द न तोडतां सलग धांवणारी. ती वाचणारे थोडे, व तीवरून कोणता रुमाल सोडावा हें सांगूं शकणारे त्याहूनहि थोडे. ‘जमाव’ म्हणून जो मोठा विभाग आहे, त्यांत कोणाकोणाच्या घरचे कागद येऊन पडले आहेत. त्यांपैकीं कित्येक रुमालांच्या गांठी कमिशनाच्या कारकुनानें मारल्या त्यानंतर किती वेळां सुटल्या असतील, कोण जाणे.