संगणक-जाळ्यातील प्रवेश-रांगा आणि सेवागुणवत्तेची पडताळणी : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : नेटवर्क स्विच, पॅकेट, प्रवेश-रांग, प्राधान्यखूण, सेवागुणवत्ता, पडताळणी.

प्रस्तावना

रांग ही नागरी जीवनातील अत्यंत परिचित व्यवस्था आहे. रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या रांगेतून अत्यवस्थ रुग्णास प्रथम आत घेतले जाते आणि त्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. मात्र अत्यवस्थ कोण, हे ठरविण्याचे काम दारातच करावे लागते. तसेच ‘अत्यवस्थ रुग्णास प्राधान्य’ अशी पाटी भिंतीवर असणे आणि त्या रुग्णावर प्रत्यक्षात वेळेत उपचार होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

संगणक-जाळ्यातही नेमकी हीच परिस्थिती आढळते. जाळ्यातून जाणारी माहिती ‘पॅकेट’ नावाच्या लहान लहान तुकड्यांत विभागलेली असते. अनेक संगणकांना जोडणारे स्विच हे उपकरण ही पॅकेटे एका पोर्टातून आत घेते व योग्य त्या पोर्टातून बाहेर पाठविते. एकाच वेळी अनेक पॅकेटे आली की त्यांना स्मृतीच्या राखीव भागात, म्हणजे बफरमध्ये, थांबावे लागते आणि रांग तयार होते. आत येणाऱ्या बाजूची ती प्रवेश-रांग व बाहेर जाणाऱ्या बाजूची ती निर्गम-रांग होय. दूरध्वनीवरील आवाजासारख्या विलंब न सोसणाऱ्या माहितीस या रांगांत वेगळी वागणूक देण्याच्या व्यवस्थेस सेवागुणवत्ता अशी संज्ञा आहे.

प्रस्तुत शोधनिबंधात या व्यवस्थेचा इतिहास पडताळणीच्या अंगाने तपासला आहे. इतिहासाच्या अभ्यासकास आज्ञापत्र आणि अंमल यांतील फरक नव्याने सांगावयास नको. एखादा हुकूम दप्तरात सापडला म्हणजे तो पाळला गेला असे सिद्ध होत नाही. त्यासाठी जमाखर्चाचे कागद पाहावे लागतात. जाळ्यातील प्राधान्याबाबतही हाच न्याय लागू पडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) रांगेच्या शास्त्रापासून सेवागुणवत्तेच्या कल्पनेपर्यंतचा विकास पाहणे.
२) प्रवेशाच्या बाजूस रांग व विश्वास हे प्रश्न का निर्माण झाले याचा शोध घेणे.
३) घोषित प्राधान्य व प्रत्यक्ष सेवा यांतील अंतर कसे तपासता येते हे एका उदाहरणाने स्पष्ट करणे.

रांगेच्या शास्त्राचा उदय

रांगेचा गणिती अभ्यास संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. अरलांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी संभाषणांना संभाव्यतेचे गणित लावणारा लेख प्रसिद्ध केला. किती वाहिन्या ठेवल्या असता किती ग्राहकांचे संभाषण अडेल, याचे त्यांचे प्रसिद्ध सूत्र १९१७ चे आहे. दूरध्वनीत मात्र एका संभाषणासाठी संपूर्ण वाहिनी राखून ठेवली जात असे. वाहिनी मिळाली तर बोलणे होई, न मिळाल्यास होत नसे.

पॅकेटांच्या कल्पनेने हे चित्र बदलले. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये विकेंद्रित संदेशवहनावरील अहवालांतून आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ पासून स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी त्याच सुमारास संदेशजाळ्यांना रांगेचे गणित लावले. त्यांचा याविषयीचा ग्रंथ १९६४ मध्ये प्रकाशित झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवर पहिला संदेश गेला. या जाळ्यात वाहिनी कोणासाठीही राखून ठेवलेली नव्हती. सर्वांची पॅकेटे एकाच मार्गावरून जात. परिणामी संभाषण ‘अडणे’ या प्रश्नाची जागा पॅकेटाने ‘थांबणे’ या प्रश्नाने घेतली.

१९८१ ची प्राधान्यखूण

सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी ७९१’ या दस्तऐवजाने इंटरनेट प्रोटोकॉलचे स्वरूप निश्चित केले. प्रत्येक पॅकेटाच्या शीर्षभागात सेवाप्रकारासाठी ८ बिटांची जागा ठेवण्यात आली. त्यांतील ३ बिट प्राधान्यक्रमासाठी होते. या क्रमाच्या पायऱ्यांना दिलेल्या ‘रूटीन’, ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ यांसारख्या नावांवर लष्करी संदेशव्यवस्थेची छाप स्पष्ट दिसते. लष्करात वरची पायरी कोणी वापरावी हे अधिकारश्रेणी ठरविते. सार्वजनिक जाळ्यात तशी श्रेणी नाही. खूण पाठविणाऱ्यानेच लावावयाची असेल, तर प्रत्येकाने सर्वांत वरची खूण का लावू नये, या प्रश्नास खुणेच्या व्याख्येत उत्तर नव्हते.

याचा प्रत्यय १९८७ च्या सुमारास आला. अमेरिकेतील एनएसएफनेटचा कणा तेव्हा सेकंदाला ५६ किलोबिट क्षमतेचा होता व तो तुडुंब भरला होता. तेथील ‘फझबॉल’ राउटरांत दूरस्थ टर्मिनलवर टंकलेखन करणाऱ्यांच्या पॅकेटांना फाइल-हस्तांतरणापेक्षा अग्रक्रम देण्यात आला. ही व्यवस्था वापरकर्त्यांपुढे गाजावाजा करून मांडली गेली नाही. त्यामागील अडचण समजण्याजोगी आहे: अग्रक्रमाचा निकष सर्वांना कळला की अन्य प्रकारची पॅकेटेही त्याच वेषात येऊ शकतात.

कोंडीचा धडा

याच दशकात कोंडीचे खरे स्वरूप उघड झाले. जॉन नेगल यांनी डिसेंबर १९८५ च्या ‘आरएफसी ९७०’ मध्ये एक विलक्षण मुद्दा मांडला. स्विचमध्ये अमर्याद साठवण असली तरी कोंडी सुटत नाही. रांग इतकी लांबते की पॅकेटाचे आयुष्य संपल्यावरच त्याची पाळी येते. यावर प्रत्येक स्रोतासाठी स्वतंत्र रांग ठेवून त्यांना आळीपाळीने सेवा देण्याचा मार्ग त्यांनी सुचविला. कोणी अधिक पॅकेटे घुसविली तर त्याचीच रांग वाढेल, शेजाऱ्याची नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांमधील दळणवळणाचा वेग सेकंदाला ३२ किलोबिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरला. या दोन स्थळांतील अंतर सुमारे ४०० यार्ड होते. या घटनेचा अभ्यास करून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये कोंडी टाळण्याच्या पद्धती मांडल्या. पुढील वर्षी ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव व स्कॉट शेंकर यांनी नेगल यांच्या कल्पनेस ‘न्याय्य रांग’ या नावाने काटेकोर गणिती रूप दिले. यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. साठवण वाढविणे हा रांगेच्या प्रश्नावरील उपाय नव्हे. कोणास, कोणत्या क्रमाने व किती सेवा द्यावयाची हा निर्णय अटळ आहे.

प्रवेशाकडील रांग

हा निर्णय स्विचमध्ये कोठे घ्यावयाचा, हा त्यापुढील प्रश्न होता. रांग बाहेर जाणाऱ्या बाजूस ठेवणे सैद्धांतिकदृष्ट्या सोयीचे असते, परंतु त्यासाठी स्विचच्या अंतर्भागाने सर्व पोर्टांच्या एकत्रित वेगाने काम करावे लागते. अंतर्भाग तेवढा वेगवान नसेल तर पॅकेटास आत येतानाच थांबावे लागते आणि प्रवेश-रांग अपरिहार्य ठरते.

प्रवेश-रांगेचा मोठा दोष १९८७ मध्ये करोल, ह्लुकी व मॉर्गन यांनी गणिताने दाखवून दिला. रांगेच्या अग्रभागी असलेल्या पॅकेटाचे निर्गम-पोर्ट व्यस्त असले की त्यामागील पॅकेटेही अडकून पडतात, मग त्यांचे पोर्ट मोकळे का असेना. उजवीकडे वळणारे वाहन सिग्नलला थांबले म्हणून मागील सरळ जाणारी वाहने खोळंबावीत, तसाच हा प्रकार आहे. सर्व पोर्टांकडे समप्रमाणात यादृच्छिक वाहतूक असेल आणि प्रत्येक प्रवेश-पोर्टास एकच साधी रांग असेल, तर मोठ्या स्विचची उपयुक्त क्षमता २ वजा २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ५८.६ टक्के एवढीच राहते. प्रवेशाच्या बाजूस एकाऐवजी अनेक रांगा ठेवणे हा त्यावरील उपाय होता. निक मॅकिओन आदी संशोधकांनी १९९० च्या दशकात या दिशेने महत्त्वाचे काम केले.

सीमेवरील विश्वास

१९९० च्या दशकात प्रत्येक संभाषणासाठी मार्गभर क्षमता आरक्षित करण्याचा प्रयत्न झाला. आरएसव्हीपी हा आरक्षणाचा प्रोटोकॉल १९९७ मध्ये प्रमाणित झाला. परंतु कोट्यवधी संभाषणांची नोंद प्रत्येक राउटरने ठेवणे जड होते. डिसेंबर १९९८ मधील ‘आरएफसी २४७४’ व ‘२४७५’ यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. जुन्या सेवाप्रकाराच्या जागेतील ६ बिटांत ६४ प्रकारच्या खुणा शक्य झाल्या. त्याच वर्षीच्या आयईईई मानकांनी स्थानिक जाळ्यातील चौकटींसाठी ३ बिटांच्या, म्हणजे ८ पायऱ्यांच्या प्राधान्यखुणेस मान्यता दिली.

या रचनेतील निर्णायक भाग खुणांच्या संख्येत नसून जबाबदारीच्या वाटणीत आहे. वर्गीकरण, मोजमाप व खूण लावणे ही कष्टाची कामे जाळ्याच्या सीमेवर करावयाची आणि अंतर्भागातील उपकरणांनी केवळ खूण पाहून वागणूक द्यावयाची, असे ठरले. म्हणजेच १९८१ पासून अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रवेशद्वारी दिले गेले: खुणेवर विश्वास ठेवायचा की नाही, हे आत घेणाऱ्याने ठरवावयाचे.

पडताळणीचे स्वरूप : एक उदाहरण

२००३ मध्ये बाजारात आलेली सिस्को कंपनीची कॅटॅलिस्ट ३७५० ही स्विचमालिका या संदर्भात अभ्यसनीय आहे. यातील अनेक स्विच ३२ गिगाबिट क्षमतेच्या वर्तुळाकार मार्गाने एकमेकांस जोडता येत. सर्व पोर्टांची एकत्रित आवक या मार्गाच्या क्षमतेपेक्षा अधिक होऊ शकत असल्याने मार्गाच्या आधी दोन प्रवेश-रांगा ठेवलेल्या होत्या. मूळ मांडणीत बफरची वाटणी ९० व १० टक्के अशी होती. दुसरी रांग प्राधान्याची असून तिला १० टक्के वहनक्षमतेची हमी होती. ४० ते ४७ क्रमांकाच्या खुणा, आणि त्यांतच आवाजासाठी रूढ असलेली ४६ ही खूण, या दुसऱ्या रांगेकडे वळविल्या जात.

ही सर्व मांडणी आज्ञा देऊन पडद्यावर पाहता येई. परंतु ती पाहून सेवा मिळत असल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरे. सेवागुणवत्ता सुरू केली असता प्रत्येक पोर्ट मूळ स्थितीत ‘अविश्वासू’ मानले जाई आणि येणाऱ्या पॅकेटाची खूण पुसून शून्य केली जाई. म्हणजे प्राधान्याची रांग कागदोपत्री सज्ज असली, तरी तिच्यात जाण्यास पात्र असे पॅकेटच उरत नसे. व्यवस्था सुरू केल्याने आवाजाचा दर्जा सुधारण्याऐवजी त्याची खूणच नष्ट व्हावी, हा विरोधाभास केवळ मांडणीचा तक्ता वाचून सहजी ध्यानात येत नाही.

म्हणून पडताळणीचे चार टप्पे मानावे लागतात. पहिला टप्पा, व्यवस्था सुरू आहे काय व पोर्ट कोणत्या खुणेवर विश्वास ठेवते. दुसरा, कोणती खूण कोणत्या रांगेस जोडली आहे. तिसरा, खूणनिहाय गणती. ज्ञात संख्येची खूण लावलेली पॅकेटे पाठवून आधीचे व नंतरचे आकडे ताडून पाहावेत. ४६ ची खूण घेऊन आत आलेली पॅकेटे बाहेर पडताना शून्याची खूण घेऊन दिसली, तर दोष प्रवेशद्वारी आहे हे उघड होते. चौथा व सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे भाराखालील परीक्षा. जाळे मोकळे असताना रांगच लागत नाही. त्यामुळे प्राधान्य असणारे व नसणारे पॅकेट सारख्याच वेळात पोहोचते. कोंडी झाल्यावर कोणत्या वर्गाची पॅकेटे गळाली, हे पाहिल्यावरच प्राधान्य खरे की नाममात्र ते कळते.

सामाजिक संदर्भ

अमेरिकेतील विद्यापीठांच्या इंटरनेट२ या संघटनेने हमीयुक्त सेवेचा क्यूबोन हा प्रयोग हाती घेतला होता. अशी सेवा प्रत्यक्षात का रुजली नाही, याचे विवेचन त्यात सहभागी असलेल्या टाइटेलबाउम व शालुनोव्ह यांनी २००२ मध्ये केले. अनेक स्वतंत्र जाळ्यांतून सलग हमी देणे कठीण होते आणि त्यापेक्षा क्षमता वाढविणे सोपे ठरले. एका संस्थेच्या आवारात मात्र प्रवेशद्वार व अंतर्भाग एकाच व्यवस्थेच्या हाती असल्याने सेवागुणवत्ता टिकून राहिली.

प्राधान्य कोणास, हा प्रश्न पुढे धोरणाच्या पातळीवर आला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. केंद्र शासनाने जुलै २०१८ मध्ये मान्य केलेल्या तत्त्वांनुसार मजकुरात भेदभाव करण्यास प्रतिबंध असून वाजवी वाहतूक-व्यवस्थापनास मुभा आहे. ‘वाजवी’ या शब्दाची कसोटी अखेर रांगेतच लागते. कोणाची पॅकेटे थांबली व कोणाची गळाली याची गणती उपलब्ध नसेल, तर निःपक्षपातीपणाचा दावा आणि पक्षपाताचा आरोप ही दोन्ही केवळ विधाने राहतात.

२०२० नंतर अध्यापन, मौखिक परीक्षा व मुलाखती मोठ्या प्रमाणावर जाळ्यावरून होऊ लागल्या. मौखिक परीक्षेत आवाज तुटलेल्या विद्यार्थ्याचे गुण कमी झाले, तर ‘आमच्या स्विचमध्ये आवाजास प्राधान्य दिलेले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. ते दिले गेले काय, हा खरा प्रश्न आहे.

निष्कर्ष

१) रांग ही साधनांच्या मर्यादेतून निर्माण होते. साठवण वाढवून ती टळत नाही, हे १९८५ पासून ज्ञात आहे.
२) प्राधान्यखूण हा दावा असतो. त्याची शहानिशा प्रवेशद्वारी झाली नाही, तर प्रामाणिक वापरकर्त्याची हानी होते. आणि शहानिशेच्या नावाखाली सर्वच खुणा पुसल्या गेल्या, तर खऱ्या गरजूचीही हानी होते.
३) मांडणीचा तक्ता हा आज्ञेचा पुरावा आहे, सेवेचा नव्हे. भाराखाली केलेली खूणनिहाय गणती हाच सेवेचा पुरावा होय.
४) शैक्षणिक संस्थांनी आपल्या जाळ्यातील अशा गणतीच्या नोंदी ठराविक काळाने घेऊन दिनांकासह जतन कराव्यात. तक्रारीच्या वेळी त्या उपयोगी पडतीलच. पुढील अभ्यासकासही ‘काय ठरले होते’ याबरोबर ‘काय घडले’ हे त्यांतूनच कळू शकेल.