चिलखतापासून ब्रेसपर्यंत : वाकलेल्या कण्याची चारशे वर्षे

जबलपूर हे तोफगाड्यांचे शहर. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. याच शहरात दिव्यांगांसाठी साहाय्यक उपकरणे बनविणाऱ्या ‘एलिम्को’ या केंद्रीय उपक्रमाचे एक उत्पादन केंद्रही आहे. शस्त्रे आणि आधार-उपकरणे यांचा हा शेजार योगायोगाचा वाटेल. परंतु कण्याला आधार देणाऱ्या ब्रेसचा इतिहास चिलखतकारांपर्यंतच जाऊन पोहोचतो.

सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाज पारे यांनी वाकलेल्या कण्यासाठी लोखंडी कंचुकी सुचविली. ती घडवीत चिलखते बनविणारे कारागीर. वजन कमी व्हावे म्हणून पत्र्याला भोके पाडलेली असत. शरीर वाढते आहे तोवर कंचुकी वरचेवर बदलावी, हेही पारे यांनी सांगितले होते.

कणा बाजूला झुकून पिळला जाण्याच्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. वयात येताना दिसणाऱ्या त्याच्या प्रकाराचे नेमके कारण बहुधा सापडत नाही. वाढीच्या वेगाबरोबर वक्रता वाढू शकते, आणि ती बळावण्याचा धोका मुलींना अधिक असतो. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. वक्रता अंशांत मोजण्याची जॉन कॉब यांची पद्धत १९४८ सालची. त्याच दशकात अमेरिकेत ब्लाउंट आणि श्मिट यांनी मिलवॉकी ब्रेस तयार केला. मूळ हेतू होता पोलिओग्रस्तांना शस्त्रक्रियेनंतर आधार देण्याचा. कमरेपासून गळ्याभोवतीच्या कड्यापर्यंत जाणारा तो सांगाडा लपविता येत नसे. १९७०च्या दशकात आलेला प्लास्टिकचा बोस्टन ब्रेस मात्र कपड्यांखाली झाकला जाई.

भारतातही या विद्येची मुळे युद्धाशी जोडलेली आहेत. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये जखमी सैनिकांसाठी उभे राहिले. मुंबईत हाजी अली येथील पुनर्वसन संस्था १९५५ची, तर एलिम्को १९७२ची.

इतके होऊनही एक प्रश्न अनुत्तरित होता : ब्रेसने खरोखर गुण येतो काय? अनेक मुलांची वक्रता उपचाराविनाही थांबते. मग श्रेय कोणाला द्यायचे? याचे भक्कम उत्तर २०१३ साली मिळाले. स्टुअर्ट वाइनस्टाइन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडात १० ते १५ वर्षे वयाच्या, २० ते ४० अंश वक्रतेच्या २४२ मुलामुलींचा अभ्यास झाला. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के, तर केवळ निरीक्षणाखाली असलेल्यांपैकी ४८ टक्के मुले ५० अंशांची मर्यादा न ओलांडता वाढ पूर्ण करू शकली. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबविण्यात आला.

ब्रेसमध्ये बसविलेल्या तापमान-नोंदकाने आणखी एक गोष्ट दाखविली. दिवसाला सरासरी तेरा तास किंवा त्याहून अधिक काळ ब्रेस वापरणाऱ्यांत यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक होते. कारागिराच्या कौशल्याइतकेच महत्त्व ब्रेस अंगावर असलेल्या तासांना होते.

त्या ४८ टक्क्यांचा अर्थही विसरता कामा नये : प्रत्येक वाकलेल्या कण्याला ब्रेस लागतोच असे नाही. कोणाला लागेल, हे वैद्यकीय तपासणीनेच ठरते आणि ती वेळेत व्हावी लागते. ब्रेसचा उपयोग वाढ चालू असेपर्यंतच. म्हणून वयात येणाऱ्या मुलाचा वा मुलीचा एक खांदा वर दिसला, पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच भासली, तर जबलपूर असो वा गडचिरोली, ‘मोठेपणी सरळ होईल’ असे म्हणून थांबू नये.